कॉलेज चार तासांचं, मग दिवस कुठे जातो?

जून-जुलैत पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू होतात. गणपती येईपर्यंत एक प्रश्न घरोघरी ऐकू येऊ लागतो. आई विचारते, "रोज चारच लेक्चरं असतात ना? मग अभ्यासाला वेळ का मिळत नाही?" मुलाकडे उत्तर नसतं, कारण हाच प्रश्न त्यालाही पडलेला असतो. तो सकाळी सहाला उठतो, संध्याकाळी सातला घरी येतो, दिवसभर कशात ना कशात गुंतलेला असतो. पण रात्री वही उघडली की कोरी दिसते. टिटवाळ्यासारख्या गावातून कल्याणला, ठाण्याला किंवा थेट दादर-माटुंग्याला शिकायला जाणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. म्हणून या प्रकरणात आपण टिटवाळ्याचाच दिवस समोर ठेवून हिशेब मांडू.

१. दोन घड्याळं

आधी थोडा इतिहास, कारण तो इथे फार उपयोगाचा आहे. ब्रिटिश काळात मुंबई शहराचं घड्याळ आणि रेल्वेचं घड्याळ वेगवेगळं होतं. शहर मुंबईच्या सूर्यावर चाले. देशभरची रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर चाले आणि ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. शहरातलं घड्याळ बघून निवांत घरून निघालेल्या माणसाची गाडी केव्हाच निघून गेलेली असे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली जुनी वेळ बऱ्याच ठिकाणी १९५५ पर्यंत सोडली नाही.

कॉलेजात गेल्यावर नेमकं हेच होतं. तिथेही दोन घड्याळं असतात. एक लेक्चरचं. ते भिंतीवर लटकलेलं दिसतं, घंटा वाजवतं आणि त्याच्यावर हजेरी लागते. दुसरं सेमिस्टरचं. ते कुठेच लटकलेलं नसतं. जर्नल कधी पुरं व्हायला हवं, अंतर्गत चाचणी कोणत्या आठवड्यात आहे, कोणतं प्रकरण दिवाळीआधी संपायला हवं, हे सगळं त्या घड्याळात असतं. शाळेत हे दुसरं घड्याळ बाई आणि घरची माणसं सांभाळत. घटक चाचणी जवळ आली की बाई चार वेळा सांगत, क्लासमध्ये उजळणी होई, आई टीव्ही बंद करी. कॉलेजात ते घड्याळ न सांगता तुमच्या हातात येतं. बहुतेक मुलं लेक्चरचं घड्याळ पाळतात आणि दिवस भरल्यासारखा वाटतो. सेमिस्टरचं घड्याळ अर्धा तास नव्हे, अर्धा महिना पुढे गेलेलं असतं.

हे दुसरं घड्याळ दिसेल असं करायचा सोपा उपाय घरातच आहे. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतंच. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या सूचनाफलकावरच्या सगळ्या तारखा त्यावर लाल पेनाने लिहा. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी जर्नलची तारीख दिसू लागली की ती घरातल्या सगळ्यांची होते. टिटवाळ्यात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट त्याच पानावर पाहून ठेवावी: मंगळवारी येणारी संकष्टी. अंगारकीला महागणपतीच्या दर्शनासाठी लोटणारी गर्दी स्टेशनपासून देवळापर्यंत कशी असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या दिवशी नेहमीच्या वेळेला घरून निघणं म्हणजे पहिलं लेक्चर सोडून देणं.

२. एका आठवड्याचा जमाखर्च

आठवड्याचे तास १६८. हे श्रीमंताला आणि गरिबाला सारखेच, असं म्हणायची पद्धत आहे; पण ते अर्धंच खरं आहे. कसं ते उदाहरणाने पाहू.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीचा अभ्यास श्रेयांकांमध्ये, म्हणजे आपण बोलताना ज्यांना क्रेडिट म्हणतो त्यांच्यात, मोजला जातो. एका सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट असतात. क्रेडिट ही मुळात वेळेची मापं आहेत, हे फार थोड्या मुलांना सांगितलं जातं. राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत एका क्रेडिटमागे ३० तासांचं शिकणं धरलेलं आहे. यात वर्गात बसणंही आलं आणि स्वतः वाचणं, लिहिणं, प्रॅक्टिकल करणंही आलं. २२ गुणिले ३० म्हणजे ६६० तास. शिकवण्याचे आठवडे १५ धरले तर आठवड्याला ४४ तास. चार लेक्चरांचं कॉलेज असं आपण म्हणतो, पण अभ्यासक्रमाची अपेक्षा एखाद्या पूर्णवेळ नोकरीएवढी आहे. साधारण निम्मा भाग वर्गात होतो. उरलेला निम्मा, आठवड्याला वीस-बावीस तास, तुम्ही स्वतः करायचा आहे. "दिवस कुठे जातो?" या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे की अर्धं कॉलेज वेळापत्रकावर छापलेलंच नसतं.

आता दोन विद्यार्थिनी धरू. दोघी टिटवाळ्याच्या मांडा भागात एकाच इमारतीत राहतात. पहिली कल्याणच्या कॉलेजात जाते. घर ते स्टेशन, गाडीची वाट, कल्याणपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं आणि पुढे कॉलेजपर्यंतचा रस्ता मिळून तिला एका फेरीला ५० मिनिटं लागतात. सहा दिवसांच्या बारा फेऱ्या म्हणजे बरोबर १० तास. दुसरीचं कॉलेज माटुंग्याला आहे. दादरला उतरून पुढे चालणं धरून तिला एका फेरीला १ तास ५० मिनिटं लागतात. आठवड्याला २२ तास.

दुसरीचा हिशेब पुरा करू. झोप रोज साडेसात तास, म्हणजे साडेबावन्न. प्रवास २२. अभ्यास आणि लेक्चरं ४४. अंघोळ, जेवणखाण, घरातली कामं रोज तीन तास, म्हणजे २१. एकूण झाले एकशे साडेएकोणचाळीस. १६८ मधून ते वजा केले की साडेअठ्ठावीस तास उरतात. दिवसाला चार. इतका अभ्यास, इतका प्रवास आणि पुरेशी झोप धरूनही चार तास!

हा आकडा मुलांना खोटा वाटतो. "मला तर श्वास घ्यायला वेळ नसतो," असं ती म्हणतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चार तास आहेत, पण ते एकसंध नाहीत. दहा मिनिटं रिक्षाच्या रांगेत, पंचवीस मिनिटं प्लॅटफॉर्मवर, एक ऑफ लेक्चर, संध्याकाळी जेवणाआधीचा अर्धा तास, असे ते सुट्या नाण्यांसारखे विखुरलेले आहेत. शंभराची नोट हरवली की लगेच कळतं. एकेक रुपया शंभर वेळा पडला तर कळत नाही.

पहिली आणि दुसरी यांच्यातला फरक १२ तासांचा. १५ आठवड्यांत तो १८० तास होतो, म्हणजे सहा क्रेडिटच्या अभ्यासाएवढा. दूरच्या कॉलेजात नाव घालताना फी, पास, कटऑफ या सगळ्याचा विचार होतो, या १८० तासांचा होत नाही. मी दूरच्या कॉलेजच्या विरुद्ध नाही. चांगला विषय, चांगले शिक्षक आणि मोठं ग्रंथालय यांच्यासाठी हे तास मोजणं योग्य ठरू शकतं. पण किंमत माहीत असताना मोजावी.

ज्यांना कॉलेजबरोबर दुकानात, क्लासमध्ये किंवा कुठे अर्धवेळ काम करावं लागतं, त्यांच्या साडेअठ्ठावीस तासांतले वीस तिथेच जातात. ज्या मुलींना घरी आल्या आल्या पोळ्या लाटायला बसावं लागतं, त्यांचे घरकामाचे तीन तास पाच होतात. अशांना "वेळेचं नियोजन कर" एवढाच सल्ला देणं अन्यायाचं आहे. हा जमाखर्च कागदावर मांडून घरच्यांसमोर ठेवा. भाऊही त्याच घरात जेवतो, म्हणून कामाची वाटणी व्हायला हवी, हे बोलण्यापेक्षा आकड्यांत दाखवलं की लवकर पटतं.

३. गाडीतला तास कोणता?

गाडीत वाचन करा, असं सगळेच सांगतात. सांगणाऱ्याने संध्याकाळची कसारा लोकल बहुधा पाहिलेली नसते. एका पायावर उभं राहून, बॅग पोटाशी धरून पुस्तक उघडता येत नाही. म्हणून गाडीतल्या वेळेचे प्रकार पाडायला हवेत.

टिटवाळ्याची एक मोठी सोय आहे: काही गाड्या इथूनच सुटतात. डोंबिवलीकराला सकाळी डब्यात शिरण्यासाठी झगडावं लागतं, टिटवाळ्याचा विद्यार्थी थोडा लवकर आला तर बसून जातो. बसायला मिळालेली जागा म्हणजे मांडी हेच टेबल असलेली अभ्यासाची खोली. दादरपर्यंतचा तास-सव्वा तास, डोकं ताजं, सकाळची वेळ. घरी एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर इतकी सलग बैठक दिवसात दुसरीकडे कुठे मिळणार नाही. म्हणून कसाऱ्याहून किंवा आसनगावहून भरून येणारी गाडी दहा मिनिटं लवकर पोचवत असेल, तरी मी इथून सुटणारी गाडी धरायला सांगेन. दहा मिनिटं देऊन सव्वा तास मिळतो. हा वेळ सर्वांत कठीण विषयाला द्या. मोबाइलवर तो घालवणं ही सेमिस्टरमधली सर्वांत महागडी चूक आहे.

परतीचा प्रवास वेगळा. दुपारी दोन-तीनला निघालात तर डबा मोकळा असतो. सहानंतर निघालात तर उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ. म्हणून लेक्चर संपल्यावर दोनच शहाणे रस्ते आहेत: लगेच निघा, नाहीतर ग्रंथालयात बसून काम पुरं करा आणि गर्दी ओसरल्यावर निघा. कट्ट्यावर पाच वाजेपर्यंत रेंगाळून मग ऐन गर्दीत सापडणं यात दोन्हीकडून तोटा होतो. मित्रांबरोबर बसू नका, असं माझं म्हणणं नाही. कट्टा हा कॉलेजचा मोठा ठेवा आहे. त्याला वेळ ठरवून द्या, म्हणजे तिथे बसताना अभ्यासाचं ओझं मनावर राहणार नाही.

कल्याणमध्ये शिकणाऱ्यांना गाडीत वाचायला वेळच नसतो, त्यांनी गाडीवर भिस्त ठेवू नये. त्यांच्यासाठी ग्रंथालय महत्त्वाचं. कॉलेजचं तर आहेच, शिवाय कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालापासून आहे. ठाण्यात शिकणाऱ्यांना १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. इतक्या जुन्या संस्था हाताशी असताना वाचायला जागा नाही म्हणून अभ्यास राहावा, हे मनाला पटत नाही.

४. घटका

आता सुट्या नाण्यांकडे वळू. ती मोजायची कशी?

१९८० च्या दशकाच्या शेवटी इटलीत फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाचा एक कॉलेज विद्यार्थी याच अडचणीत होता. अभ्यासाला बसे, पण लक्ष टिकेना. त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजर लावायचं घड्याळ उचललं आणि ठरवलं की ते वाजेपर्यंत एकच काम करायचं. पुढे त्याची पद्धत जगभर पसरली: २५ मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. टोमॅटोला इटालियनमध्ये 'पोमोदोरो' म्हणतात, तेच नाव पद्धतीला पडलं.

आपल्याकडे या मापाचं नाव फार जुनं आहे. एक घटका म्हणजे २४ मिनिटं. सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साठ घटका. ती मोजायला घटिकापात्र असे. तांब्याची लहान वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. ती पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत सोडायची. पाणी हळूहळू आत शिरतं आणि २४ मिनिटांनी वाटी भरून बुडते. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग तिथूनच आला. लग्नाचा मुहूर्त गाठायला आपले पूर्वज याच वाटीकडे डोळे लावून बसत.

अभ्यासासाठी घटका हे माप मला तासापेक्षा अधिक कामाचं वाटतं. तास मोठा असतो. पाऊण तास मोकळा मिळाला की आपण म्हणतो, "आता काय होणार एवढ्यात," आणि तो जाऊ देतो. त्याच पाऊण तासात जवळजवळ दोन घटका बसतात. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं चालत आलेलं ४८ मिनिटांचं लेक्चर तर बरोबर दोन घटकांचं. एक लेक्चर ऑफ मिळालं तर दोन घटका हाती आल्या: एकीत अर्थशास्त्राच्या नोट्स, दुसरीत जर्नलच्या दोन आकृत्या. टिटवाळ्याहून बसून दादरला जाणाऱ्याला सकाळी तीन घटका मिळतात.

घटका वापरायची रीत साधी. काम आधी ठरवायचं, 'अभ्यास करणे' असं नव्हे, 'प्रकरण दोनचे पहिले तीन प्रश्न' असं. मोबाइलवर २४ मिनिटांचा गजर लावायचा आणि मोबाइल बॅगेत टाकायचा. वाटी बुडेपर्यंत दुसरं काही नाही. रात्री वहीत घटकांच्या उभ्या रेघा मारायच्या. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीन रेघा आल्या तरी पुरे. सेमिस्टरच्या मध्यापर्यंत त्या सहा-सात व्हाव्यात. सात घटका म्हणजे पावणेतीन तास, पण ते पावणेतीन तास खरे.

आणखी एक गोष्ट अनुभवाने पटते आणि मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या १९९७ च्या प्रयोगांनी ती दाखवून दिली आहे. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहायचा होता. काहींनी तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवून टाकलं, बाकीच्यांनी नुसतं लिहिण्याचं मनात धरलं. वेळेत अहवाल लिहिणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात दुपटीहून जास्त निघालं. "आज जर्नल लिहीन" आणि "दुसऱ्या लेक्चरनंतर ग्रंथालयाच्या खिडकीजवळ बसून जर्नल लिहीन" या दोन वाक्यांत इतकं अंतर आहे.

५. उभ्याने करायचा अभ्यास

गर्दीत उभं राहिल्यावरही एक काम होतं. ते समजण्यासाठी आधी विसरण्याचा नियम समजायला हवा. १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. त्याला आढळलं की विसरणं पहिल्या काही तासांतच सर्वांत वेगाने होतं, नंतर मंदावतं. ओल्या मातीवरचा ठसा जसा सुरुवातीच्या पावसातच पुसला जातो, तसं. म्हणून सकाळच्या लेक्चरची उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्रीपेक्षा त्याच संध्याकाळी फार स्वस्तात होते.

आणि उजळणीला पुस्तक लागत नाही. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही. तेव्हा परतीच्या गर्दीत ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत डोळे मिटून आजच्या प्रत्येक लेक्चरमधले तीन मुद्दे आठवा. जे आठवत नाही तेच घरी उघडून बघा.

६. दीडपटीचा नियम

कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकल वर्षानुवर्षं मेल-एक्स्प्रेसच्याच रुळांवरून धावत आल्या आहेत. लांबची गाडी पुढे काढायची म्हणून आपली लोकल सिग्नलला उभी राहते. पावसाळ्यात रूळ पाण्याखाली जातात, रविवारी मेगाब्लॉक असतो. म्हणून टिटवाळ्याचा माणूस महत्त्वाच्या कामाला निघताना नेहमीची गाडी सोडून तिच्या आधीची धरतो. हे शहाणपण प्रवासात आहे, पण अभ्यासात येत नाही.

१९९४ साली कॅनडात ब्युहलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, "किती दिवसांत पुरा होईल?" सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. "सगळंच उलटं झालं तर?" सरासरी ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. हे आळशी विद्यार्थी नव्हते. माणूस काम कसं पार पडेल याचंच चित्र रंगवतो, मागच्या वेळी कुठे अडलं होतं ते आठवत नाही.

म्हणून कोणत्याही कामाला वाटतो त्याच्या दीडपट वेळ धरा. प्रोजेक्ट दहा दिवसांत होईल असं वाटलं तर पंधरा दिवस आधी हात घाला. कालनिर्णयवरच्या प्रत्येक लाल तारखेच्या तीन दिवस आधी दुसरी, निळी तारीख लिहा आणि तीच खरी माना. त्या तीन दिवसांत गाडी बंद पडेल, झेरॉक्सवाल्याकडे रांग असेल, ताप येईल. काहीच झालं नाही तर ते तीन दिवस तुमचे.

७. झोपेतून उसनं घेऊ नका

वेळ कमी पडला की मुलं सर्वांत आधी झोपेला हात लावतात. अठरा ते पंचवीस वयाला सात ते नऊ तासांची झोप लागते. दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. रात्री दोनपर्यंत जागून पहाटेची गाडी धरणारा मुलगा सकाळच्या तीन घटका खिडकीला डोकं टेकून झोपतो आणि पहिल्या लेक्चरला अर्धा जागा असतो. मिळवलेल्या दोन तासांसाठी त्याने चार दिले. मेगाब्लॉकच्या रविवारी दुपारी वाटलं तर झोपा, पण आठवड्याच्या रात्री मोडू नका.

हे प्रकरण वाचून संपूर्ण वेळापत्रक आखायला बसू नका. ते दोन दिवसांत मोडतं आणि आपण नालायक आहोत असं वाटायला लागतं. आधी फक्त सात दिवस मोजा. खिशात मावेल अशी वही घ्या. येत्या सोमवारी घराचं दार ओढलं की पहिल्या ओळीत वेळ लिहा, गाडीत बसायला मिळालं का तेही लिहा, आणि रात्री झोपताना शेवटची ओळ. रविवारी रात्री ती सात पानं आईला दाखवा. तिच्या प्रश्नाचं तुमचं उत्तर त्यांतच असेल.